चिखलातली मुशी, कातळातली मुशी

ऑक्टोबर तापायला लागला की मला मुशीचा वास येतो. आमच्या घरात मासा शिजत नाही आणि बंदर इथून चांगलं दोन मैलांवर. तरीही कातळावरचं गवत पिवळं पडून सळसळायला लागलं, खाली मळ्यात भातकापणीची लगबग सुरू झाली, की तो तिखट, नवसागरासारखा वास कुठूनसा नाकात शिरतो. मुशी म्हणजे आपल्या समुद्रातला लहान शार्क. ताजी असताना तिला फारसा वास नसतो, पण दोन तास उन्हात राहिली की डोळ्यांतून पाणी काढते. त्या एका हंगामात मी इतक्या मुश्या कापल्या की शिकेकाई, लिंबू, राख सगळं चोळूनही हातांचा वास गेला नाही. साठी उलटल्यावरही तो या दिवसांत परत येतो आणि मी अंगणात उभी राहून उगाचच हसते. शेजारच्या वहिनी विचारतात, "काय झालं हो?" त्यांना काय सांगणार? की मला माझ्या आयुष्यातले सगळ्यांत आनंदाचे तीन महिने आठवले, आणि ते जंतांमध्ये गेले?

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. डीएनए फिंगरप्रिंटिंग हा शब्द तेव्हा नवाकोरा होता. माणसाच्या रक्ताच्या एका थेंबावरून तो माणूस नेमका कोण ते ओळखता येतं, परदेशात त्यावरून गुन्हेगार पकडले जातात, असं वर्तमानपत्रांत येत होतं. आमचे बापट सर मात्र गुन्हेगारांच्या मागे नव्हते. ते आयुष्यभर जंतांच्या मागे होते. माशांच्या पोटातले, बकऱ्यांच्या पोटातले, बेडकांच्या फुप्फुसातले जंत. सूक्ष्मदर्शकाखाली जंत धरून त्याच्या डोक्यावरचे बारीक हूक, चूषके, पेरं मोजायची आणि त्यावरून जात ठरवायची, यात त्यांची हयात गेली होती. आणि आता त्यांना शंका यायला लागली होती. "वृंदा," ते मला म्हणाले, "दोन जंत डोळ्यांना सारखे दिसतात म्हणून ते सारखेच, असं मी तीस वर्षं लिहीत आलो. तू ते तपासून बघ."

काम ठरलं ते असं. मुशीच्या आतड्यात चपटे, फितीसारखे जंत असतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मुशीतले काही घ्यायचे आणि खाली राजापूर तालुक्यातल्या नाटे गावच्या बंदरातले काही. दिसायला दोन्हीकडचे अगदी एक. पण दोन्ही बंदरांतल्या मुशींचे थवे आपापल्या पाण्यातच राहत असतील, तर त्यांच्या पोटातले जंतही पिढ्यान्‌पिढ्या वेगळे झाले असतील. ते वेगळेपण डीएनएच्या ठशात दिसतं का, हे बघायचं. मी रत्नागिरीची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा ओटीवर सुपारी कातरत होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वर्षच झालं होतं, पण प्रश्न विचारायची सवय सुटली नव्हती.

"जंतांच्या बोटांचे ठसे?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "त्यांना बोटं असतात?"

"नसतात, बाबा. ठसे त्यांच्या डीएनएचे. प्रत्येकाच्या शरीरात जी आनुवंशिक लिपी असते ना, तिचे."

"म्हणजे हस्ताक्षर म्हण," ते म्हणाले. चाळीस वर्षं मुलांची अक्षरं तपासलेल्या माणसाला हे लगेच पटलं. "मग ठीक आहे. दोन मुलांनी एकच वाक्य लिहिलं तरी मला कोण ते कळायचं."

आईची अडचण वेगळी होती. "ते जे काय आणशील ते पडवीच्या आत येता कामा नये. आणि विहिरीवर हात धुवायचे नाहीत."

मिरकरवाड्याला पहिल्या दिवशी गेले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. बर्फाचा चुरा, माशांच्या पाट्या, बायकांचा ओरडा, आणि या सगळ्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. मी कडक इस्त्रीची साडी नेसून, हातात थर्मास आणि चिमटे घेऊन मधोमध उभी. मुशी कापायला बसलेल्या बायकांच्या ओळीत एक पन्नाशीची, काळीसावळी, रुंद खांद्यांची बाई होती. तिच्या समोरची विळी सगळ्यांत मोठी, म्हणून मी तिच्याकडे गेले. तिचं नाव सुंद्राबाय.

"मावशी, मला मुशीची आतडी हवी होती."

"मुशी नको?"

"नको. फक्त आतडी."

तिने हात थांबवला. "बामनाची दिसतंस. मुशी खात न्हायस नि आतडी खानार?"

"खायला नाही. त्यांतले जंत हवेत."

ओळीतल्या सगळ्या बायका इतक्या हसल्या की एकीच्या विळीवरून मासा घसरून पडला. पण सुंद्राबाय हसली नाही. तिने एक मुशी उचलली, पोट फाडलं, आतडं बाहेर काढून माझ्या ताटलीत टाकलं आणि म्हणाली, "ह्यात बघ. ह्या दिवसांत भरपूर असतात."

मी ते आतडं कापलं. मुशीचं आतडं साधं नळीसारखं नसतं. आत मळसूत्रासारखा पडदा फिरत गेलेला असतो, आणि त्याच्या प्रत्येक वळणाआड ते बसलेले असतात. पुस्तकातले जंत फॉर्मलिनमध्ये ताठलेले, मळकट. हे जिवंत होते. दुधासारखे शुभ्र, पातळ, पेरापेरांचे. खारट पाण्यात सोडले तर हळूहळू लांबायचे, आखडायचे, पुन्हा लांबायचे. वाऱ्यात सोडलेली रेशमाची फीत जशी वळते तसे. मी तिथेच, त्या चिखलात, साडीचा विचार न करता उकिडवी बसले. किळस यायला हवी होती, ती आलीच नाही. आला तो आनंद, अगदी उड्या माराव्यात असा.

पुढचे पंधरा दिवस मी रोज बंदरावर होते. मधे तीन दिवस नाट्याला जाऊन राहिले. प्रत्येक मुशीतला एकच जंत घ्यायचा, तो चार पाण्यांत धुवायचा, म्हणजे मुशीचं रक्तमांस त्याला चिकटून राहायचं नाही. मग बाटलीत अल्कोहोल, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत, आणि बाटली बर्फात. सहा मिरकरवाड्याचे, सहा नाट्याचे. एकूण बारा जंत घेऊन मी सकाळच्या एसटीने पुण्याला निघाले. थर्मास मांडीवर. आंबा घाटात वळणं सुरू झाली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ताई, थर्मास खाली ठेवा की. चहा सांडेल."

"चहा नाही, जंत आहेत."

त्याने शांतपणे माझ्याकडे पाहिलं, शांतपणे पुढे गेला, आणि पुण्यापर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर त्याने कोणालाही बसू दिलं नाही.

आता हे काम यंत्रं करतात. इथल्या कॉलेजात मी मधूनमधून शिकवायला जाते, तिथल्या मुली नखाएवढा तुकडा नळीत टाकतात आणि दुपारच्या डब्याआधी त्यांना उत्तर मिळतं. मला त्यांचा हेवा वाटत नाही. कारण त्यांना तो धागा बघायला मिळत नाही. जंत गोठवून खलात कुटायचा, त्याची पूड पाचक द्रवात विरघळवायची, नको ते सगळं काढून टाकायचं, आणि शेवटी त्या स्वच्छ पाण्यावर काठाकाठाने गारेगार अल्कोहोल ओतायचं. दोन थरांच्या मधे आधी काहीच नसतं. मग धुकं येतं. मग धुक्यातून एक पांढरा, सुतासारखा धागा तयार होतो. तो काचेच्या काडीवर गुंडाळता येतो. एका जीवाची सगळी वंशावळ काडीवर गुंडाळून उजेडात धरायची! पहिल्यांदा तो धागा आला तेव्हा मी एकटीच होते. मी मोठ्याने "आला!" असं ओरडले आणि मग दचकून दाराकडे बघितलं.

त्यानंतर तो धागा विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, कापायचा, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायचे, ते कापडासारख्या पडद्यावर उतरवायचे, किरणोत्सारी फॉस्फरस लावलेल्या द्रवात तो पडदा भिजवायचा आणि एक्स-रे फिल्मला लावून फ्रीजरमध्ये ठेवायचा. फॉस्फरस महिन्यातून एकदाच यायचा आणि तोही वाटून घ्यावा लागायचा. फिल्म फ्रीजरमध्ये असताना पाच दिवस काही करता येत नाही. ते पाच दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. मैत्रिणी म्हणतात की मी जेवताना पोळीच्या पट्ट्या करून ताटात उभ्या मांडत होते.

सहाव्या दिवशी सकाळी मी डार्करूममध्ये शिरले. लाल दिव्याखाली, द्रावणात, काळ्या रेघा उमटायला लागल्या. एकाखाली एक, जाड, बारीक, जवळ, दूर. बारा उभ्या रांगा. फिल्म अजून ओली असतानाच मी ती सरांच्या खिडकीशी नेऊन धरली.

दोन प्रकार होते. नीट बघायचीही गरज नव्हती. प्रत्येक जंताचा ठसा थोडाफार निराळा होता, पण सहा रांगांमधल्या पुष्कळ रेघा एका पातळीवर होत्या, आणि उरलेल्या सहांमधल्या दुसऱ्या पातळ्यांवर. या दोघांत जवळजवळ काहीच सामाईक नव्हतं. डोळ्यांना एक दिसणारे जंत एक नव्हते! सर खुर्चीतून उठून खिडकीशी आले. त्यांनी चष्मा पुसला. मग क्रमांकांची यादी मागितली आणि बोट ठेवून मोजायला लागले.

त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला.

"पहिल्या गटात मिरकरवाड्याचे चार, नाट्याचे दोन. दुसऱ्यात नाट्याचे चार, मिरकरवाड्याचे दोन." ते माझ्याकडे वळले. "वृंदा, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे. दोन इकडचे तिकडे गेलेत, दोन तिकडचे इकडे."

"नाही, सर."

"खात्री आहे?"

मी आठवून पाहिलं. नाट्याला शेवटच्या दिवशी होडी उशिरा लागली होती. ओल्या हातांनी घाईघाईत चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. दोन्हीकडच्या बाटल्या एकाच थर्मासमध्ये होत्या. मी चुकले नव्हते, असं मला वाटत होतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे सरांनीच मला शिकवलं होतं.

"दिवाळीला घरी जा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "आल्यावर बोलू. एखादा सोपा विषय बघू तुझ्यासाठी."

घरी मी कोणाला काही सांगितलं नाही. आई चिवडा करत होती, बाबा आकाशकंदील चिकटवत होते. दोन दिवस मी माझी वही उघडून एकेक नोंद तपासत बसले. एकही खाडाखोड नव्हती, पण त्याने काय सिद्ध होतं? तिसऱ्या दिवशी सकाळी घरात बसवेना म्हणून चालत बंदरावर गेले. थर्मास नाही, चिमटे नाहीत.

सुंद्राबायने लांबूनच पाहिलं. "काय गो बाय? आज आतडी नको?"

मी तिच्या शेजारी उलट्या टोपलीवर बसले आणि सगळं सांगितलं. फिल्म, रेघा, दोन प्रकार, चिठ्ठ्या. ती विळी न थांबवता ऐकत होती. माझं सांगून झालं तेव्हा म्हणाली, "म्हंजे दोन जातीचे जंत निगाले."

"हो. पण दोन्ही बंदरांतले मिसळून."

"मंग त्यात चुकलं काय? मुशी दोन जातीच्या, जंत दोन जातीचे."

"मुशी एकच जातीची, मावशी. मी पुस्तकावरून तपासलीय. दात मोजलेत, पाठीवरचे पर मोजलेत."

"पुस्तक हिकडं येतं काय मुशी इकायला?" तिने विळी बाजूला सारली आणि समोर बोट केलं. तिच्यापुढे मुशींचे दोन ढीग होते. मी रोज ते बघत होते. लहान-मोठ्यांचे असतील असं धरून चालले होते. आता पाहिलं तर दोन्हींत लहान-मोठ्या सारख्याच मिसळलेल्या.

"ही चिखलातली," तिने डावीकडची उचलून माझ्या हातात दिली, "नि ही कातळातली. पाठीवरनं हात फिरव. शेपटीकडनं डोक्याकडं. ही मऊ लागते. ही खरखरते. चिखलातली दोन उकळ्यांत शिजते. कातळातली कितीबी शिजव, रबर. गिऱ्हाइकाला चुकीची दिली तर दुसऱ्या दिवशी येऊन भांडतं. नाट्यालाबी दोन्ही येतात, हितंबी येतात. तिकडं कातळ जास्त, म्हनून तिकडं ही जास्त. येवढंच."

मी दोन्ही मुश्यांवरून हात फिरवला. मला काही फरक कळेना. पुन्हा फिरवला. तरी कळेना. पण तिच्या हाताला कळत होतं.

"मावशी, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू कुटं इचारलंस? तू म्हनालीस आतडी दे, मी आतडी दिली."

मी घरी पळत आले. खरंच पळत, चढ सगळा. बाबा कंदिलाला झिरमिळ्या लावत होते. मी धापा टाकत त्यांना सांगितलं आणि म्हणाले, "बाबा, मला तुम्ही उद्या बंदरावर हवे आहात."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे देवा."

बेत साधा होता. या वेळी सगळ्या मुश्या फक्त मिरकरवाड्याच्या, म्हणजे दोन बंदरांच्या चिठ्ठ्या मिसळायचा प्रश्नच नाही. सुंद्राबाय प्रत्येक मुशी हातात घेऊन कुठली ते सांगणार. पण ते मी ऐकायचं नाही, कारण मी ऐकलं तर सर म्हणतील की मनात उत्तर ठेवूनच फिल्म वाचली. म्हणून तिचं सांगणं बाबांनी लिहायचं, आणि मुशी नुसत्या क्रमांकाने माझ्याकडे यायची. मी बर्फाच्या गोदामाच्या भिंतीपलीकडे कापायला बसणार.

बाबा धुतलेलं धोतर नेसून, छत्री आणि फुलस्केप कागद घेऊन आले. नाकाला रुमाल. सुंद्राबायने त्यांना बसायला खोकं दिलं आणि त्यावर स्वतःचा धुवट पदर फिरवला. भिंतीपलीकडून हळू बोललेले शब्द कळत नव्हते, पण मोठे आवाज ऐकू येत होते. आधी बाबांचं दबलेलं पुटपुटणं. मग सुंद्राबायचं, "मास्तर, रुमाल काडा, काय बोलता ता कळत न्हाय." मग बायकांचं हसणं. मग बराच वेळ नुसते मोठ्याने म्हटलेले क्रमांक, उत्तरं दबक्या आवाजात. आणि शेवटी चक्क बाबांचं मोकळं, खळखळून हसणं. असं मी ते घरातही फार क्वचित ऐकलं होतं.

बारा मुश्या झाल्या. बाबांनी कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली, खळ लावली आणि जोडावर सही केली. परतताना त्यांच्या नाकाला रुमाल नव्हता.

"बाईंना फार माहिती आहे," ते म्हणाले. चढ संपेपर्यंत छत्री टेकत चालले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी या गावात शिकवलं, आणि बंदरावर आज दुसऱ्यांदा गेलो."

पाकीट न फोडता मी सरांच्या टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट उचलून जोडावरची सही पाहिली. "कोळणीच्या हाताच्या स्पर्शावर," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान वर करून, "या महिन्याचा फॉस्फरस तुझा. पण एकदाच."

पुन्हा तो धागा, पुन्हा ते कापणं, पुन्हा पाच दिवस. या वेळी मी मुशीच्या मांसाचा डीएनएही शेजारच्या रांगेत लावला होता, म्हणजे जंताला चिकटलेलं काही असेल तर ओळखू यावं. सहाव्या दिवशी सकाळी डार्करूममध्ये सर माझ्याबरोबर आले. लाल उजेडात आम्ही दोघं त्या ट्रेवर वाकलो होतो. रेघा आल्या. मुशीची रांग अगदीच निराळी. आणि उरलेल्या बारा रांगांत तेच दोन प्रकार, तेवढेच स्पष्ट, एकाच बंदरातल्या मुश्यांमधून.

खिडकीशी जाऊन सरांनी फिल्म मला वाचायला लावली. मी एकेक क्रमांक घेऊन पहिला प्रकार, दुसरा प्रकार असं फळ्यावर लिहिलं. मधेच खडू मोडला. मग सरांनी पाकीट फोडलं.

बाबांचं वळणदार अक्षर. 'क्र. १ – चिखल. क्र. २ – कातळ. क्र. ३ – कातळ.' सर मोठ्याने वाचत होते आणि मी फळ्यावर खुणा करत होते. चौथा जुळला. पाचवा जुळला. आठव्याला सरांचा आवाज बदलला होता. मग ते थांबले.

"क्र. ९," त्यांनी वाचलं. "'बाई म्हणाल्या, ही फार लहान आहे. अजून कातडं तयार झालेलं नाही. आत्ता सांगता येत नाही, उगाच काहीतरी लिहू नका.'"

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा मनाशी वाचली. पुढचे तीन त्यांनी भराभर वाचले. तिन्ही जुळले. सांगितलेल्या अकरांपैकी अकरा.

"नाणं अकरा वेळा उडवून अकराही वेळा आधी बरोबर सांगता येईल का कुणाला?" सर म्हणाले. पण त्यांचं लक्ष अजून नवव्या ओळीवरच होतं. "वृंदा, या अकरांपेक्षा मला हा नववा जास्त आवडला. जे कळत नाही ते कळत नाही म्हणून सांगितलं बाईंनी. मी तीस वर्षांत किती वेळा सांगितलं असेल असं?" मग ते माझ्याकडे वळले. "चिठ्ठ्यांबद्दल मी बोललो ते चुकलं माझं. तुझे नाट्याचे जंत नाट्याचेच होते."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं हसू, आणि ते थांबेना. सरही हसायला लागले. शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले.

मार्गशीर्षात मी फिल्म घेऊन रत्नागिरीला आले. गडद निळसर पारदर्शक कागद, गुंडाळी करून नळकांड्यात. बंदरावर पोचले तेव्हा गर्दी ओसरली होती. सुंद्राबाय विळी धूत होती. मी फिल्म तिच्या हातात दिली आणि तिने ती समुद्राकडे, उजेडात धरली.

"ह्यो एक जंत?" तिने एका उभ्या रांगेवर बोट ठेवलं.

"हो. डावीकडून एक, दोन, तीन, असे बारा. पहिला चिखलातल्या मुशीतला, दुसरा कातळातल्या. अगदी कडेची ती मुशी स्वतः."

मी आणखी काही सांगणार होते, पण ती ऐकत नव्हती. मुशीवरून फिरवायची तसं तिचं बोट रेघांवरून सावकाश फिरत होतं. "ही चिखलातली," ती म्हणाली. "ही कातळातली. ही बी कातळातली. ही चिखलातली." फळ्यावर मी जे दहा मिनिटं घेऊन लिहिलं होतं ते तिने दोन मिनिटांत, एकदाही न चुकता वाचलं. नवव्या रांगेशी बोट थांबलं. तिने फिल्म जवळ आणली, लांब नेली. डोळे बारीक केले.

"चिखलातली हुती गो ती!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या होडीतले लोक उभे राहिले. "आगो लक्षुमी, ती बारकी चिखलातली हुती! ये बघ हिकडं!"

बायका जमल्या. ओल्या हातांचे ठसे फिल्मवर उमटत होते आणि मी कोणाला अडवलं नाही. सुंद्राबाय प्रत्येकीला पहिल्यापासून वाचून दाखवत होती. एकीने विचारलं, ह्याचा उपयोग काय? मी म्हणाले, समुद्रात दोन मुश्या आहेत हे आता पुस्तकात लिहिता येईल. "ता आमाला ठावं हाय," ती म्हणाली, आणि सगळ्या पुन्हा हसल्या. पण ते पहिल्या दिवसाचं हसणं नव्हतं. त्यांनी मला मधे घेतलं होतं.

पुढे आमचा शोधनिबंध छापून आला. आभारांत सरांनी सगळ्यांत वर सुंद्राबायचं नाव घातलं, पूर्ण नावानिशी, गावासकट. तो अंक मी तिला नेऊन दिला. तिने तो पेटीत साडीखाली ठेवला असं तिची सून नंतर मला म्हणाली. सुंद्राबाय जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी तीस वर्षं शिकवलं, दोन-तीन मोठ्या प्रयोगशाळा पाहिल्या. कुठेही नवा विद्यार्थी आला की मी त्याला आधी विचारते, ज्यांच्या हातातून रोज हा मासा जातो, हे गवत जातं, ही बकरी जाते, त्यांच्याशी तू बोललास का? बहुतेक जण बोललेले नसतात. मग मी त्यांना परत पाठवते.

पण मला सारखा आठवतो तो छापलेला निबंध नव्हे. आठवते ती मार्गशीर्षातली सकाळ, बायका आपापल्या विळ्यांकडे परतल्यानंतरची. मी फिल्म पुसून गुंडाळत होते. सुंद्राबाय टोपलीवर बसून तंबाखू मळत माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, संपलं. प्रबंध लिहायचा, पदवी घ्यायची, आता घरी जाऊन आईला सांगायचं.

"बाय," ती म्हणाली, "नाट्याला माझी भैन असते. तिकडं पुळणीच्या, वाळूच्या अंगाला एक तिसरी मुशी गावते."

माझे हात थांबले. "तिसरी?"

"हातालाच कळते. पर तिच्या पोटात काय असतं, ता माला ठावं न्हाय. कवा बघितलंच न्हाय." तिने तंबाखू तोंडात टाकला. पन्नाशीच्या त्या बाईच्या डोळ्यांत अशी चमक होती की जणू परीक्षेला जाणारी मी एकटीच नव्हते, तीही होती. "उद्या सकाळची पयली एसटी हाय. तुझा ता थर्मास हाय ना घरी?"

दुसऱ्या दिवशी सहाच्या गाडीत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. तिच्या मांडीवर विळी, गोणपाटात गुंडाळलेली. खिडकीबाहेर कातळावर ऊन चढत होतं आणि ती मला विचारत होती, "तिसरा निगाला तर त्याच्या रेघा कशा असतील गो?"

मी म्हणाले, "मला नाही माहीत, मावशी."

"मालाबी न्हाय," ती म्हणाली, आणि खुशीत पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.